डाव्या चाकाखालचा ठक्: दोन महिने चाललेल्या एका शोधाचं प्रकरण

पहिल्यांदा तो आवाज आईला ऐकू आला. कोजागिरीच्या दोन दिवस आधी आम्ही रामटेकला चाललो होतो, आई मागच्या सीटवर डाव्या बाजूला, बायको पुढे, आणि कामठीच्या पुढे एका ठिकाणी चहासाठी म्हणून मी गाडी रोडवरून खाली कच्च्यात घेतली तर आई म्हणे, "बाबू, डिक्कीत काही लोळून राहिलं का रे?" मी उतरून पाहिलं, डिक्कीत पाण्याची कॅन होती ती बाहेर काढली, बायकोच्या पायाशी ठेवली आणि विषय संपला असं धरलं. परत येताना गडावरून उतरलो, गावातल्या रस्त्याला लागलो आणि मलाही ऐकू आलं. ठक्. मग थोडं थांबून परत ठक्-ठक्. लाकडी दरवाज्यावर कोणी बोटाच्या पेरांनी वाजवावं तसा आवाज, धातूचा होता पण खणखणीत नाही, जाडसर.

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, पहिल्या दिवसापासून माझ्याच हातात, तेव्हा मीटरवर ९१ हजार ६०० किलोमीटर झाले होते. नागपुरात गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको की आपल्याकडे सस्पेन्शनची परीक्षा कुठे होते. सिमेंट रोड चांगले आहेत, पण सिमेंटची कड आणि बाजूचे गट्टू (फरशीसारखे बसवलेले ठोकळे) यांच्यात जी पायरी पडते नं, ती रोज दहा वेळा चढावी-उतरावी लागते, आणि ते नेहमी एकाच बाजूच्या चाकाने. हा एका बाजूचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळं प्रकरण त्याच्यावरच फिरलं.

पुढच्या आठवड्यात गाडी नेहमीच्या गॅरेजला नेली. नाव घेत नाही, माणसं वाईट नाहीत, घाईत असतात. पोरानं डावं चाक जॅकवर उचललं, हाताने हलवून पाहिलं, टॉर्च मारला आणि म्हणे, शॉकअप गेले भाऊ, तेल येऊन राहिलं. मी वाकून पाहिलं तर खरंच शॉकअपच्या अंगावर ओलसर धूळ चिकटलेली होती. मला पटलं, ९१ हजार झाले म्हणजे गेले असतील. पुढची जोडी बदलली, मजुरीसकट ७,८०० रुपये, वर अलाइनमेंटचे ५००, कारण शॉकअप काढला की चाकाचा कोन हलतो, ते करावंच लागतं. गाडी बसायला थोडी घट्ट झाली, आणि गॅरेजच्या गेटमधून बाहेर पडताना नालीच्या जाळीवर डावं चाक गेलं तसा ठक्.

तिथूनच परत वळवली. पोरगा म्हणे, नवीन आहेत, बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात. चारशे झाले, काही बसलं नाही.

नंतर समजलं ते इथेच सांगून टाकतो. शॉकअपवर ओलसर धुळीचा पातळ थर असणं म्हणजे तो गेला असं नसतं, इतक्या वापरानंतर थोडा घाम सुटतोच. तेल ओघळून खाली आलेलं असेल, किंवा बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीन वेळा झुलत राहत असेल, तर गेला म्हणायचं. माझी गाडी दाबून सोडली की एकदाच वर येऊन थांबायची, म्हणजे जुने शॉकअप बहुतेक अजून चालले असते. ही दाबायची परीक्षा घरी दोन मिनिटांत होते, एक रुपया लागत नाही.

नोव्हेंबरचा अर्धा महिना गेला आणि मी वैतागून एक वही केली. वैताग पैशाचा होता तितकाच भीतीचाही होता, कारण बायको हीच गाडी घेऊन रोज मनीषनगरहून हिंगणा रोडला कामाला जाते. खालून येणारा आवाज बॉल जॉइंटचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या फिरत्या सांध्याचा असला तर तो निखळून चाक आडवं होऊ शकतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून पहिल्याच रविवारी जॅक नीट लावून, खाली स्टँड ठेवून मी दोन गोष्टी पाहिल्या. चाक वरून-खालून धरून हलवलं, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी हात, तिथे ढिलं लागलं असतं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंगचा संशय. मग नऊ आणि तीनच्या जागी हात, तिथे ढिलं म्हणजे टाय रॉड किंवा रॅक एंड, स्टेअरिंगपासून चाकाकडे जाणारे सांधे. दोन्हीकडे घट्ट. बायकोला सांगितलं, चालव, पण हळू आणि फक्त गावात.

मग डिक्की पूर्ण रिकामी केली. स्टेपनी, जॅक, पाना, त्रिकोण, सगळं बाहेर. आवाज तसाच. पण आईला तो मागून का आला? मी मागे बसलो आणि भाऊजींना चालवायला दिली तर मलाही मागूनच वाटला, अगदी माझ्या सीटखालून. गाडीचं अंग म्हणजे एक मोठा पत्र्याचा डबा, पुढच्या एका कोपऱ्यात ठोकलं तर आवाज कुठून निघाला हे कानाला सांगता येत नाही. म्हणून आम्ही कॉलनीच्या कंपाऊंडच्या भिंतीला लागून गाडी चालवली, काच खाली, एसी बंद, रेडिओ बंद. भिंतीवरून आवाज परत येतो आणि जास्त साफ ऐकू येतो. भिंत डावीकडे ठेवली तर कडक ठक्, वळून भिंत उजवीकडे ठेवली तर कमी. भाऊजी बाजूने चालत होते, ते म्हणाले, "पुढचं डावं. शंभर टक्के पुढचं डावं." एका तासात चार कोपऱ्यांचा एक झाला.

आता त्या वहीतलं थोडं सांगतो, कारण खरा उपयोग तिचाच झाला. मी फक्त एवढंच लिहीत होतो की आवाज कधी येतो आणि कधी येत नाही. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच सोडत पहिला गिअर आणि रिव्हर्स आळीपाळीने घेतले, आवाज नाही, म्हणजे इंजिन माउंटिंगचा संशय कमी. उभ्या गाडीत स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवलं, काही नाही, म्हणजे शॉकअपच्या वरचं माउंटिंग आणि त्याचं बेअरिंग बहुतेक ठीक. स्टेअरिंग पूर्ण कापून हळू गोल फिरवली, कट-कट-कट असं आलं असतं तर ॲक्सलचा जॉइंट, तेही नाही. सकाळी थंडीत आणि दुपारी उन्हात फरक नाही, आणि हे मला महत्त्वाचं वाटलं, कारण रबर थंडीत कडक होतं नि तापल्यावर मऊ पडतं, बुशचा, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी गादीचा आवाज असता तर सकाळ-दुपार काहीतरी बदललं असतं.

मग रस्ते. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर गेलो, तो ३.१४ किलोमीटरचा आहे, खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो, आणि पुलाच्या जोडांवर ठराविक अंतराने धप-धप होतंच. तिथे माझा ठक् नाही. कॉलनीतल्या मोठ्या स्पीड ब्रेकरवर सरळ चढवली, दोन्ही पुढची चाकं एकदम वर आणि एकदम खाली, तिथेही नाही. त्याच ब्रेकरवर तिरपी चढवली, आधी डावं चाक मग उजवं, आणि ठक्. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा ठक्.

पानाच्या खालच्या कोपऱ्यात अजून एक नोंद होती, मी तिला तेव्हा भाव दिला नाही. सकाळी गेटमधून रिव्हर्स घेऊन बाहेर काढली, मग पुढे घेतली आणि पहिला ब्रेक मारला की एक बारीक टक् होतो, फक्त पहिल्याच ब्रेकला. मी लिहिलं होतं, "हा वेगळाच, नंतर बघू."

डिसेंबरच्या सुरुवातीला भाऊजींनी सक्करदऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेलं. छोटं शेड, मधे सिमेंटचा खड्डा, लिफ्ट वगैरे नाही. मी वही पुढे केली तर काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि उभ्या-उभ्या दोन्ही पानं वाचली. मग विचारलं, "शॉकअप काऊन बदलले?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "गाडी खड्ड्यावर घ्या. जॅक नको."

जॅक का नको, हे त्यांनी खाली उतरून मला दाखवलं आणि ते मला आजही जसंच्या तसं दिसतं. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक वाकवलेला लोखंडी दांडा असतो, स्टॅबिलायझर बार, वळणावर गाडी एका बाजूला झुकू नये म्हणून. त्याची दोन्ही टोकं वीतभर लांबीच्या लिंक रॉडने त्या त्या बाजूच्या शॉकअपला जोडलेली, लिंकच्या दोन्ही टोकांना रबरी टोपीतला छोटा बॉल. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर दांडा नुसता फिरतो, लिंकवर फार ताण नाही. एकच चाक वर गेलं तर दांडा पिळला जातो आणि सगळा ताण लिंकवर. म्हणून तर सरळ ब्रेकरवर नि पुलावर शांत आणि तिरप्यात ठक्. आणि गॅरेजमधल्या पोरानं एकच चाक जॅकवर उचललं होतं, म्हणजे दांडा पिळलेला, लिंक ताणाखाली घट्ट बसलेली, तिचं ढिलेपण हाताला लागणारच नाही. काकांनी चारही चाकं जमिनीवर असताना डावी लिंक मुठीत धरली आणि मला वरून गाडी डावी-उजवी हलवायला लावली. मला वरती ठक् ऐकू आला, त्यांना मुठीत लागला. "या, हात लावा," म्हणाले. मी खाली उतरलो, भाऊजींनी गाडी हलवली, आणि बोटांना तो आवाज लागला, अगदी स्पष्ट, बॉल टोपीत अर्धा दाणा सरकल्यासारखा. रबर फाटून आत माती गेली होती.

मला राग आला तो इथे. या गाडीत शॉकअप बाहेर काढायचा तर लिंक रॉडचा नट सोडवावाच लागतो. म्हणजे ७,८०० रुपये घेणाऱ्या हातात ती ढिली लिंक सुटी लोंबत होती आणि तीच परत नव्या शॉकअपला कसली. दोन बोटांनी तिचा बॉल फिरवून पाहिला असता तर तिथेच कळलं असतं.

मी म्हटलं, काका, बदलून टाका. तर म्हणे, थांबा, आधी खात्री करू. त्यांनी दोन्ही बाजूच्या लिंक काढल्या, दांड्याची टोकं कशाला घासू नयेत म्हणून तारेने बांधली आणि म्हणाले, गल्लीत फिरवून आणा, वीसच्या वर नाही, वळणावर अजिबात घाई नाही, दांडा सुटा आहे तर गाडी जास्त झुकेल. मी निघालो. गट्टूच्या कडेवरून डावं चाक उतरवलं. ठक् गायब! दोन महिन्यांनी पहिल्यांदा. मी खूश होऊन काच पूर्ण खाली केली आणि पुढच्या उखडलेल्या पट्ट्यावर आलो तर टक-टक-टक. बारीक, कोरडा, आधीच्याहून पातळ. मला वाटलं भास आहे. परत मागे घेतली, परत गेलो. टक-टक-टक.

लिंक तर गाडीत नव्हतीच, मग हा कोणाचा?

मी दोन महिने एका आवाजामागे लागलो होतो आणि ते दोन होते. मोठ्याच्या पोटात छोटा लपलेला. लिंक काढून चालवून न पाहता नुसती नवीन टाकून दिली असती तर घरी जाऊन हा छोटा ऐकला असता, आणि म्हटलं असतं की नवीन लिंकनेही काही झालं नाही, आणि मग काय, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), मग स्टेअरिंगचा रॅक, आणि खर्च असाच वाढत गेला असता. पार्ट विकत घ्यायच्या आधी तो काढून चालवून पाहणं, ही त्या माणसाची पद्धत मला फार आवडली. अर्थात प्रत्येक पार्ट असा काढून चालवता येत नाही. लिंकचं चालतं, तेही हळू. ब्रेकचा किंवा स्टेअरिंगचा कोणताच भाग काढून गाडी हलवायची नसते.

परत शेडमध्ये आलो, काकांनी वही मागितली आणि थेट त्या खालच्या नोंदीवर बोट ठेवलं. रिव्हर्सनंतरचा पहिला ब्रेक. विचारलं, "ब्रेक पॅड कधी टाकले?" मी आठवून सांगितलं, दसऱ्याच्या आधी, ९१ हजार २०० ला. आणि सांगता सांगता मलाच धक्का बसला. रामटेकच्या फक्त चारशे किलोमीटर आधी. मी आवाजाचा सगळा इतिहास लिहिला होता, पण तो सुरू व्हायच्या आधी गाडीला कोणी हात लावला होता हे लिहिलंच नव्हतं.

ते म्हणाले, त्याच पट्ट्यावर परत जा, दुसऱ्या गिअरमध्ये, आणि ब्रेकवर पाय नुसता ठेवा, गाडी थांबेल इतका नाही, पॅड डिस्कला टेकेल इतकाच. मी गेलो. पाय ठेवला, शांत. पाय काढला, टक-टक. ठेवला, शांत. दहा वेळा केलं, दहाच्या दहा वेळा तेच. हँडब्रेकने हे होत नाही बरं का, तो मागच्या चाकांना लागतो, पायाचाच ब्रेक हवा.

डावं चाक उतरवलं. कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, जो ब्रॅकेट असतो, त्यात पॅडचे दोन कान वर-खाली खाचेत बसतात, आणि त्या खाचेत स्टीलची पातळ क्लिप असते, पॅडला सरकू देते पण हलू देत नाही. खालची क्लिप जागेवर होती. वरची नव्हतीच. खाच नुसती उघडी, घासून चकाकलेली. काकांनी अंगठ्याने पॅडचा वरचा कान दाबला आणि सोडला. टक्. परत दाबला. टक्. तोच आवाज, इतका छोटा, जेमतेम मिलिमीटरभर सरकत होता तो पॅड. रिव्हर्समध्ये ब्रेक मारला की पॅड एका बाजूला जाऊन टेकायचा, पुढे येऊन पहिला ब्रेक मारला की दुसऱ्या बाजूला, त्याचाच तो सकाळचा एक टक्. खड्ड्यांवर तो मोकळाच नाचत होता. पुलावर वेगात, काच बंद, एसी चालू, हा मला कधी ऐकू आलाच नसता.

कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनसुद्धा कोरड्या पडल्या होत्या. काकांनी त्या पुसून सिलिकॉनवालं ग्रीस लावलं, म्हणाले, साधं ग्रीस इथे लावायचं नसतं, रबरी टोपी फुगते नि पिन जाम होते. क्लिपचा नवीन संच दोन्ही बाजूंना टाकला, दोन्ही लिंक नवीन, आणि लिंकचे नट चाकं जमिनीवर टेकवल्यावरच शेवटचे कसले. ब्रॅकेटचे बोल्ट पान्याने दोनदा तपासले, कारण ब्रेक मारताना येणारा ठक् कधी कधी ढिल्या ब्रॅकेटचाही असतो, आणि तो असला तर गाडी तिथेच उभी करायची, गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत न्यायची नाही.

लिंक जोडी १,९००, मजुरी ४००, क्लिप-ग्रीस-मजुरी मिळून ६५०. एकूण २,९५० मध्ये दोन्ही आवाज गेले. त्याआधी ८,३०० गेले होते ते वेगळेच.

पॅड टाकणाऱ्या गॅरेजला, म्हणजे त्या नेहमीच्याच, मी जाऊन सांगितलं. भांडायला गेलो नव्हतो, मोबाइलमध्ये उघड्या खाचेचा फोटो होता तो मालकांना दाखवला. त्यांनी पोराला बोलावलं, तो म्हणाला, जुनी क्लिप गंजून वाकली होती, नवीन पॅडच्या डब्यात क्लिप आली नाही, म्हणून काढून टाकली, पॅड तर बसला होता. खोटं बोलला नाही तो, त्याला खरंच ती बिनकामाची पत्री वाटली होती. मी त्याला म्हटलं, भाऊ, तिच्याशिवाय पॅड वाकडा झिजतो, आवाज तर सोडूनच दे. मालकांनी पॅडची मजुरी परत देऊ केली, ती मी घेतली. शॉकअपबद्दल ते काही बोलले नाहीत.

आता गाडी ९५ हजार ४०० वर आहे. गट्टू, नालीच्या जाळ्या, तिरपे ब्रेकर, सगळं करून झालं, सकाळचा टक्‌ही नाही. वहीत एकच नोंद उघडी आहे. काकांनी खड्ड्यातून वर येता येता उजव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशला बारीक चिरा दाखवल्या होत्या, रबर अजून सुटलेलं नाही, आवाज नाही, ब्रेक मारताना स्टेअरिंग ओढत नाही. त्यांनी खडूने बुशवर आणि आर्मवर मिळून एक रेघ मारून ठेवली आहे, ९६ हजार ८०० ला परत खड्ड्यावर घ्यायची आणि ती रेघ सरकली का ते पाहायचं.